राज्यपालांचा बंगला आणि माझ्या आजीचा दावा

(डिंभ्यात गावच्या पोरांसमोर केलेल्या बोलण्याचं हे लेखी रूप. एसटीत रेंज जात असेल, कानात हेडफोन घालायचा कंटाळा आला असेल, तर वाचा. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त मधली "हॅलो, माईक चालू आहे का" वगैरे काढून टाकलीत.)

मागे आवाज येतोय ना? बरं.

आपण बसलोय तिथून धरणाची भिंत दिसते. भिंतीमागच्या पाण्याचं नाव हुतात्मा बाबू गेनू सागर. बाबू गेनू आपल्याच तालुक्यातला, महाळुंगे पडवळचा. पोटासाठी मुंबईला गेला, गिरणीत लागला. १२ डिसेंबर १९३० ला काळबादेवीत परदेशी कापडाचा ट्रक निघाला होता, त्याच्यासमोर तो आडवा झाला. ट्रक अंगावरून गेला. वय होतं २२. इथं बसलेल्यांपैकी अर्धे त्याच्याहून मोठे असतील.

तेव्हा मुंबई प्रांताचे गव्हर्नर होते सर फ्रेडरिक साइक्स. त्यांचं घर मलबार हिलच्या टोकावर, तीन बाजूंनी समुद्र. काळबादेवीपासून फार लांब नाही. पण एका बाजूला गिरणीची खोली आणि दुसऱ्या बाजूला तो बंगला, यातलं अंतर मोजायला किलोमीटर पुरत नाहीत.

आज मला त्या बंगल्याची गोष्ट सांगायचीये. तुम्ही म्हणाल, अरे डिंभ्यात येऊन मलबार हिलच्या बंगल्याचं काय लावलंस? आपला काय संबंध? मलाही असंच वाटायचं. पण माझ्या आजीच्या सव्वा एकराच्या तुकड्याचा कागद फिरत फिरत शेवटी त्याच घरातल्या एका सहीपाशी आला. तिथून मी या गोष्टीच्या मागे लागलो. मी काही इतिहासाचा माणूस नाही, कोड लिहितो. एखादी सिस्टीम कळत नसली की तिच्या पहिल्या व्हर्जनपासून वाचत यायचं, एवढीच सवय आहे मला. तसंच केलं.

किल्ल्यातलं पहिलं घर

मुंबई बेट पोर्तुगीजांकडून इंग्लंडच्या राजाला लग्नाच्या तहात मिळालं, हे शाळेत झालंय. त्या राजाला ते सांभाळणं परवडेना. १६६८ मध्ये त्याने ते ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला १० पौंड भाड्याने देऊन टाकलं. म्हणजे मुंबईचा गव्हर्नर सुरुवातीला काय होता? एका कंपनीचा ब्रँच मॅनेजर. माल घ्यायचा, माल पाठवायचा, गोदाम राखायचं.

त्याचं घरही तसंच. गार्सिया द ओर्टा नावाच्या एका पोर्तुगीज डॉक्टरचं तिथं जुनं घर होतं, औषधी वनस्पतींवर पुस्तक लिहिणारा माणूस. इंग्रजांनी त्या घराभोवती किल्ला वाढवला. फोर्ट म्हणतात तो भाग. घर, कचेरी, दारूगोळा सगळं एकाच आवारात. ती जागा आज नौदलाकडे आहे.

परळ: बंगल्याचा झाला दवाखाना

धंद्याचं राज्य झालं तसा साहेब किल्ल्याबाहेर पडला. परळला पाद्र्यांची एक जुनी वास्तू होती, ती इंग्रजांनी अठराव्या शतकात ताब्यात घेतली. पुढे तिथं गव्हर्नर राहायला लागले. मोठी बाग, तळं, नाचगाण्याचा हॉल. तेव्हा परळ म्हणजे गावाबाहेरची मोकळी हवा.

मग आजूबाजूला गिरण्या आल्या, वस्ती वाढली, सांडपाणी साठलं. १८८२ मध्ये त्या बंगल्यात गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांची बायको कॉलऱ्याने गेली. हो, तेच फर्ग्युसन, ज्यांच्या नावाचं कॉलेज पुण्यात आहे आणि ज्याच्या रस्त्यावर आपण वडापाव खायला जातो. त्यानंतर गव्हर्नरांनी परळ सोडलं. १८८५ पासून मलबार पॉइंट हेच कायमचं घर झालं.

इथं जरा थांबा. कॉलरा त्या वेळी गरिबांच्या घरात रोज होता. गव्हर्नरच्या घरात शिरला, तेव्हा घराचा पत्ता बदलला. गिरणी कामगारांचा पत्ता नाही बदलला.

पण परळच्या बंगल्याचं पुढं जे झालं ते मला फार आवडतं. १८९६ ला मुंबईत प्लेग आला, तेव्हा त्या रिकाम्या बंगल्यात प्लेगचे रोगी ठेवले. वाल्डेमार हाफकिन नावाचा शास्त्रज्ञ तेव्हा भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये प्लेगची लस बनवत होता. १० जानेवारी १८९७ ला त्याने ती आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये त्याची प्रयोगशाळा परळच्या बंगल्यात आली. १९२५ पासून तिला नाव मिळालं हाफकिन इन्स्टिट्यूट. आपल्या पिढीने लहानपणी जे पोलिओचे डोस घेतले, त्यांच्या बाटल्यांवर हाफकिनचं नाव असायचं. साहेबाचा नाचगाण्याचा हॉल, तिथं लस. घर तेच, आतला माणूस बदलला.

दापोडीची बाग आणि आपलं रान

आता पुण्याकडे येऊ. गव्हर्नरचं वर्ष तीन ठिकाणी जायचं. थंडीत मुंबई, उन्हाळ्यात महाबळेश्वर, पावसाळ्यात पुणे. सगळं सरकार पेट्या भरून बरोबर फिरायचं. आजचं वर्क फ्रॉम एनीव्हेअर म्हणा ना.

पुण्यात पहिलं घर होतं दापोडीला. आज लोकलने पिंपरीकडे जाताना दापोडी स्टेशन लागतं, तीच दापोडी. पेशवाई संपल्यावर दहा वर्षांनी, १८२८ मध्ये, गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी तिथला बंगला सरकारसाठी घेतला आणि शेजारी एक सरकारी वनस्पती बाग उभी केली.

ही बाग का सांगतोय? कारण १८३८ मध्ये तिचा प्रमुख झाला अलेक्झांडर गिब्सन नावाचा डॉक्टर. त्याने बागेची एक शाखा जुन्नर तालुक्यात हिवऱ्याला काढली. आणि १८४७ मध्ये याच गिब्सनला मुंबई प्रांताचा पहिला वनसंरक्षक नेमला. कॉन्झर्व्हेटर ऑफ फॉरेस्ट्स. आपल्याकडे ज्याला नुसतं "फॉरेस्ट" म्हणतात, "फॉरेस्टवाला आला रे" म्हणून आपले आजोबा ज्याला बघून कुऱ्हाड लपवायचे, त्या खात्याची आपल्या प्रांतातली सुरुवात गव्हर्नरच्या बंगल्याच्या बागेतून झाली. हे वाचलं तेव्हा मी लॅपटॉप बंद करून पाच मिनिटं नुसता बसलो होतो.

हे लक्षात ठेवा. शेवटाकडे लागेल.

गणेशखिंड: बंगल्याचं झालं विद्यापीठ

दापोडीचा बंगला जुना झाला, साहेबाच्या दिमाखाला पुरेना. १८६४ ला गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी गणेशखिंडीत नवीन घर बांधायला घेतलं. वेळ कुठली बघा. तिकडे अमेरिकेत यादवी चालू, तिथला कापूस बंद, म्हणून आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव. मुंबईत पैसा नुसता वाहत होता. त्या तेजीत हे घर सुरू झालं. अमेरिकेची लढाई संपली, कापूस पडला, मुंबईतल्या बँका आणि कंपन्या बुडाल्या, तरी घराचं काम चालूच. १८७१ ला पुरं झालं. खर्च इतका झाला की उधळपट्टीबद्दल खुद्द विलायतेत बोंब झाली. स्टार्टअपवाल्यांनी फंडिंगच्या जोरावर मोठं ऑफिस घ्यावं आणि मग मार्केट पडावं, तसंच.

त्याच घरात २२ जून १८९७ ला राणी व्हिक्टोरियाच्या राज्याला ६० वर्षं झाली म्हणून समारंभ होता. दिवे, बँड, जेवणावळ. बाहेर पुणं प्लेगमधून नुकतं उठत होतं. प्लेगचा अधिकारी रँड, ज्याच्या सोजिरांनी लोकांच्या देवघरापर्यंत बूट नेले होते, तो समारंभाला आला होता. रात्री परतताना गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी त्याला आणि आयर्स्टला गोळ्या घातल्या. तीन भाऊ पुढं फाशी गेले. आज त्याच रस्त्याने आपण ट्रॅफिकला शिव्या घालत हिंजवडीला जातो.

स्वातंत्र्य मिळालं. १९४८ मध्ये मुंबईला पहिले भारतीय गव्हर्नर आले, राजा महाराज सिंह. आणि पुढच्याच वर्षी, १० फेब्रुवारी १९४९ ला पुणे विद्यापीठ सुरू झालं, गणेशखिंडीच्या त्या आवारात. पहिले कुलगुरू बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. ती मोठी मनोऱ्याची इमारत, जिच्यासमोर सगळे फोटो काढतात, ती विद्यापीठाची मुख्य इमारत झाली. २०१४ पासून त्या विद्यापीठाला नाव आहे सावित्रीबाई फुल्यांचं. ज्या घरात राणीची जेवणावळ उठली, त्याच्या फाटकावर आता सावित्रीबाईंचं नाव. राज्यपालांसाठी पुण्यात वेगळं घर आहेच, पण मोठं घर पोरांना मिळालं. आणि राज्यपाल हेच राज्यातल्या सरकारी विद्यापीठांचे कुलपती असतात, म्हणजे नातं तुटलेलं नाही.

मलबार हिल आणि भिंतीमागचं भुयार

राहिलं मुंबईचं. मलबार पॉइंटला आधी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी छोटा बंगला बांधला, हवा खायला. वाढत वाढत तिथं कित्येक इमारती झाल्या. राज्यपाल राहतात त्या इमारतीचं नाव जलभूषण. आवार सुमारे ५० एकरांचं. मुंबईत ५० एकर म्हणजे काय, हे वन आरकेचं भाडं भरणाऱ्याला विचारा.

ऑगस्ट २०१६ मध्ये तिथं जमिनीखाली एक इंग्रजांच्या काळचं भुयार सापडलं. कितीतरी वर्षं भिंत घालून बंद केलेलं. आत १३ खोल्या. दारूगोळा ठेवायची खोली, काडतुसांची खोली, वर्कशॉप. समुद्रातून कोणी चालून आलं तर तोफा डागायची सोय. दुरुस्ती करून त्याचं संग्रहालय केलं, आणि २०२२ पासून तिथं क्रांतिकारकांचं दालन आहे.

ऑफिसच्या मित्रांबरोबर मी ते बघायला गेलो होतो. ऑनलाइन बुकिंग केलं, भल्या पहाटे पोचलो. समुद्र, मोर, लाल गालिचा. सगळे भुयारात सेल्फी काढत होते. मीही काढले, खोटं कशाला बोलू. स्टेटसला टाकले. घरी आईने आजीला दाखवले. आजीने विचारलं, "कुणाचं घर हाय ह्ये?" आई म्हणाली, राज्यपालांचं. आजी म्हणाली, "त्यो काय करतो?"

आईने फोन माझ्याकडे दिला. मी म्हणालो, आजी, तो राज्याचा प्रमुख असतो, मंत्र्यांना शपथ देतो. आजी म्हणाली, "आन् बाकीच्या येळी?"

मंडळी, मी बीटेक झालोय. मला उत्तर येत नव्हतं.

आजीचा तुकडा

आता आजीची गोष्ट. आम्ही महादेव कोळी. आमचं जुनं घर या पाण्याखाली आहे. एकट्या आमचं नाही. ज्या गावावरून तालुक्याला आंबेगाव म्हणतात, ते मूळ आंबेगावही पाण्याखाली गेलं. पाणी खाली शेताला गेलं, तिकडं ऊस उभा राहिला, बरं झालं, मी त्यावर रडत नाही. पण पाणी चढलं तसे आमचे लोक डोंगराकडं सरकले. आजोबा-आजीने वर रानात एक तुकडा साफ केला. दगडाचा बांध घातला, नाचणी, वरई, थोडं भात. बांधावर दोन हिरड्याची झाडं.

२००६ ला वनहक्क कायदा आला. आदिवासी कुटुंब १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून वनजमीन कसत असेल, तर हक्क मिळतो. आजीने दावा टाकला. ग्रामसभेने मान्य केला. वर गेला आणि नाकारला गेला. कारण दिलं, पुरावा अपुरा. एका कार्यालयात मामाला सांगितलं, जुन्या दंडाच्या पावत्या आणा. आता बघा गंमत. ज्याला फॉरेस्टने पकडलं त्याच्याकडे पावती. आजोबा कधी सापडलेच नाहीत, म्हणून आमच्याकडे पुरावा नाही!

खरं म्हणजे नियमात तसं नाहीये. गावातल्या वयस्कर माणसांचा लेखी जबाब चालतो. बांध, विहीर, झोपडी, थडगी या खुणाही चालतात. पण हे आम्हाला कोणी सांगितलं नाही आणि आम्ही वाचलं नाही. जिल्ह्याच्या समितीचा निर्णय कायद्याने शेवटचा. विषय संपला, असं आम्ही धरून चाललो. आजी अजूनही तो तुकडा कसते, पण दरवर्षी पेरताना एक डोळा वाटेकडे.

बंगल्यातलं टेबल

आजीच्या प्रश्नावरून मी राज्यघटना उघडली. मोबाईलवरच वाचली, मराठीत मिळते. तिथं सापडली पाचवी अनुसूची.

सोपं करून सांगतो. संसद किंवा विधानसभा कायदा करते तो सगळ्या राज्याला सारखा. एकच बिल्ड, सगळ्यांच्या फोनवर. पण काही भाग घटनेने वेगळे काढलेत. त्यांना म्हणतात अनुसूचित क्षेत्र. महाराष्ट्रातली अनुसूचित क्षेत्रं राष्ट्रपतींच्या २ डिसेंबर १९८५ च्या आदेशात आहेत, आणि त्यात पश्चिम आंबेगाव आणि जुन्नरमधली आपली आदिवासी गावं गावागणिक नावाने आहेत. या भागासाठी राज्यपाल अधिसूचना काढून सांगू शकतात, की अमुक कायदा इथं लागू नाही, किंवा लागू आहे पण एवढा बदल करून. म्हणजे आपल्या भागापुरता पॅच मारायचा ॲक्सेस राज्यपालांकडे आहे. शिवाय या भागाच्या कारभाराचा अहवाल त्यांनी राष्ट्रपतींना द्यायचा असतो. राजभवनात या कामासाठी आदिवासी कक्षही काढला होता.

ही ताकद कुठून आली? इंग्रजांच्याच काळातून. १९३५ च्या कायद्यात डोंगराळ आदिवासी मुलखांसाठी गव्हर्नरला असाच अधिकार होता. तेव्हा तो मुख्यतः आपला मुलूख बाकीच्यांपासून वेगळा ठेवायला. घटना लिहिणाऱ्यांनी तो अधिकार ठेवला, पण हेतू बदलला, आपल्या जमिनी आणि आपली रीत राखायला. परळच्या बंगल्यासारखंच म्हणा. खोली तीच, काम वेगळं.

राज्यपालांनी हे स्वतःच्या मनाने करायचं की मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने, यावर वकिलांचे वाद आहेत. तो वाद त्यांना घालू दे. ही ताकद वापरली गेलीय का? गेलीय.

९ जून २०१४ च्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रातली तलाठी, ग्रामसेवक वगैरे ठरावीक पदं स्थानिक आदिवासी उमेदवारांतून भरायची ठरली. त्यावर पुढं कोर्टकचेऱ्या झाल्या, तो वेगळा एपिसोड होईल. त्याच वर्षीच्या आणखी एका निर्णयाने आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के निधी थेट पेसा ग्रामपंचायतींना द्यायचं ठरलं, कशावर खर्च करायचा ते ग्रामसभा ठरवणार. सप्टेंबर २०२० मध्ये, घरातली माणसं वाढली तर गावालगतच्या वनजमिनीवर घर बांधायची वाट मोकळी करणारा बदल आला.

आणि १८ मे २०२० ला आणखी एक. अनुसूचित क्षेत्रात जिल्हा समितीने वनहक्काचा दावा नाकारला, तर त्यावर अपील करता येईल. विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे.

म्हणजे आमचा विषय संपला नव्हता. मे २०२० मध्येच दार उघडलं होतं.

मे २०२० आठवतोय ना? लॉकडाऊन. मी घरीच होतो. दिवसाला दीड जीबी डेटा संपवत होतो. वेब सिरीज बघितल्या, पनीर करायला शिकलो. आजी त्याच घरात, माझ्यापासून दहा पावलांवर हिरडा वाळवत बसलेली. आणि तिच्या जमिनीचा निर्णय बदलू शकणारा कागद राजपत्रात छापून आला, त्याची पीडीएफ नेटवर पडली, आणि आमच्या घरातल्या चार स्मार्टफोनपैकी एकावरही ती उघडली गेली नाही. अपिलाला मुदत होती. मला कळलं तेव्हा ती उलटून गेली होती.

कार्यालयांनी गावात येऊन सांगायला हवं होतं? हवं होतं. पण मी इथं त्यांच्या नावाने बोटं मोडायला आलो नाही. नवीन अपडेट आलं की रिलीज नोट्स वाचणं हे माझं रोजचं काम आहे, त्याचाच मला पगार मिळतो. बंगलोरच्या क्लायंटसाठी मी ते करतो. आजीसाठी नाही केलं.

आजीचा दुसरा प्रश्न

हे सगळं आजीला सांगितलं. चुलीपाशी बसून, सावकाश. मुंबईचा बंगला, दापोडीची बाग, फॉरेस्टची सुरुवात, पाचवी अनुसूची. तिने सगळं ऐकलं. मग म्हणाली, "म्हंजी त्या घरातल्या सहीनं जमीन मिळती. मंग आमचं गाव बुडालं तव्हा सही कुनाची व्हती?"

तुम्ही व्हॉट्सॲपवर जीआर बघता ना? भरतीचे, स्कॉलरशिपचे? कुठलाही जीआर उघडा, खाली एकच ओळ असते. "महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने." राज्याचा सगळा कारभार त्यांच्या नावाने चालतो, घटनेतच तसं आहे. सही अधिकाऱ्याची, ठरवलं मंत्र्यांनी, नाव राज्यपालांचं. म्हणजे आजीला खरं उत्तर द्यायचं तर, गाव बुडालं तेही त्याच नावाने आणि अपिलाचं दार उघडलं तेही त्याच नावाने.

मी तिला हे सांगितलं. ती काही बोलली नाही. हिरडा पालथा करत राहिली.

म्हणून म्हणतो, राज्यपालांचं घर बघायला जरूर जा, भुयारात सेल्फीही काढा. पण ते घर म्हणजे नुसता समुद्र आणि मोर नाहीत. साडेतीनशे वर्षांत त्या माणसाचं घर किल्ल्यातून परळला, परळमधून मलबार हिलला गेलं, आणि मागे राहिलेल्या घरांत लस आली, विद्यापीठ आलं. ती घरं लोकांच्या कामाला लागली. पण त्या पदाकडे आपल्यासाठी म्हणून जो अधिकार ठेवलाय, तो आपोआप आपल्या दारात येत नाही. इथून कोणीतरी मागावा लागतो, आणि आला की वाचावा लागतो.

आता काय करायचं

भाषण झालं, आता कामाचं.

एक. ज्यांच्या घरी वनहक्काचा दावा नाकारलाय, त्यांनी नकाराचा लेखी आदेश आधी शोधा. पत्र्याच्या पेटीत, देव्हाऱ्यामागे, कुठंही असेल. आदेश मिळालाच नसेल तर तेही लिहून ठेवा, कारण मुदत मोजताना आदेश हातात कधी पडला याला किंमत आहे.

दोन. आजी-आजोबांचे जबाब आत्ताच लिहून घ्या. तारीख, सही किंवा अंगठा, साक्षीदार. फोनवर रेकॉर्डिंगही करा. बांधाचे, विहिरीचे फोटो लोकेशन चालू ठेवून काढा. म्हातारी माणसं थांबत नाहीत, मंडळी. पाण्याखाली गेलेली घरं आठवणारी किती उरलीत, मोजून बघा.

तीन. दर ग्रामसभेत एक विषय ठेवायला लावा. गेल्या तीन महिन्यांत अनुसूचित क्षेत्रासाठी काय निघालं, त्याचं मराठीत वाचन. राजपत्र आणि राज्यपालांची वेबसाइट बघायचं काम मी आणि अजून दोघं करतो. पाच ओळींत, साध्या भाषेत, ग्रुपवर टाकू. "गुड मॉर्निंग"च्या फुलांच्या खाली का होईना, पडू दे.

चार. काहीही दिलं की पोचपावती घ्या. तोंडी "बघतो" म्हणजे काहीच नाही.

आजीचं काय झालं? आम्ही उशीर का झाला ते लिहून अर्ज दिलाय. सोबत गावातल्या तीन म्हाताऱ्यांचे जबाब, बांधाचे फोटो आणि हिरड्याच्या झाडांचे. झाडाच्या घेराची पावती कोणी मागणार नाही, असं धरून चाललोय. अजून उत्तर नाही. पोचपावतीवरचा नंबर मला पाठ आहे. बँकेचा नाही, पण हा आहे.

परवा आजीने विचारलं, "त्या बंगल्यावरनं काय आलं का रं?" म्हणालो, नाही अजून. म्हणाली, "मंग आपुन जाऊ की इचारायला. तुला वाट म्हाईत हाय न्हवं?"

वाट माहीत आहे. पण तिचा अर्ज त्या बंगल्यात नाही, आयुक्तांच्या समितीकडे आहे. म्हणून पुढच्या महिन्यात आजी आणि मी आधी पुण्याला जाणार. ज्यांचे दावे अडकलेत त्यांनी इथं टेबलावरच्या वहीत नाव, गाव आणि आदेशाची तारीख लिहा. एसटीत जागा धरून ठेवतो.

बास. चहा झालाय म्हणतात. राम राम.